म्हातारा लॅपटॉप, तरणे गेम

ऑक्टोबर २०२५ हा महिना जुन्या गेमिंग लॅपटॉपवाल्यांच्या मागे साडेसाती लावून गेला. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला निरोप दिला. त्याच महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स १०५०, १०६०, १०७० या अख्ख्या पास्कल घराण्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं थांबवलं. सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार. २०१७ साली हप्त्यांवर घेतलेलं मशीन घरी ठणठणीत चालतंय, कीबोर्डचे लाल दिवे अजून लुकलुकतायत, पण कागदोपत्री ते सेवानिवृत्त झालंय!

यातही एक मजेशीर अन्याय आहे. जीटीएक्स १०५० टीआय असलेले दोन लॅपटॉप समोर ठेवा. एकात इंटेलचा आय७-७७००एचक्यू, दुसऱ्यात आय५-८३००एच. दोन्हींना चार कोअर, दोन्हींना आठ थ्रेड. एक जानेवारी २०१७ चा, दुसरा एप्रिल २०१८ चा. विंडोज ११ ची अधिकृत यादी, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे आय५ आत आणि थोरला आय७ दाराबाहेर. पैसे जास्त कोणी मोजले होते, हे वेगळं सांगायला नको.

तर, ‘अपग्रेड करू की नवा घेऊ?’ इंजिनीअरिंगच्या प्रत्येक हॉस्टेलात वर्षातून एकदा तरी या प्रश्नावर रात्र जागवली जाते. माझं मत आधीच सांगतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम बदलते, एसएसडी बदलतो, बॅटरी, पंखा, कीबोर्ड, स्क्रीन सगळं बदलतं. ज्या ग्राफिक्स चिपसाठी आपण जास्तीचे पैसे मोजले, नेमकी तीच बदलत नाही. सगळा हिशोब या एका गोष्टीभोवती फिरतो.

एका अक्षराची किंमत

पूर्वी असं नव्हतं. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३ च्या आसपास, लॅपटॉपचा प्रोसेसर चक्क सॉकेटमधून काढून दुसरा बसवता यायचा. ओळखायची खूण नावातच असे. आय७-४७००एमक्यू म्हणजे सॉकेटवाला आणि आय७-४७००एचक्यू म्हणजे मदरबोर्डवर कायमचा डकवलेला. पुढच्या पिढीपासून ‘एम’ गेला, ‘एच’ उरला आणि प्रोसेसर बदलायची सोयही गेली.

ग्राफिक्स कार्डासाठीही एमएक्सएम नावाचा स्लॉट होता. जाडजूड लॅपटॉपांमध्ये छोटंसं कार्ड स्क्रूने बसवलेलं असायचं, ते काढून पुढच्या पिढीचं टाकायचं. ऐकायला झकास. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचा हीटसिंक वेगळा, स्क्रूच्या जागा वेगळ्या, बायोस वेगळा. चिकाटीवाल्यांनी तरीही कार्डं बदलली. पुढे लॅपटॉप बारीक होत गेले आणि त्या बारीकपणात हा स्लॉट बळी गेला.

मग २०१९ मध्ये डेलच्या एलियनवेअरने एरिया-५१एम आणला. डेस्कटॉपचा प्रोसेसर, बदलता येणारं ग्राफिक्स कार्ड आणि अपग्रेडचा मोठा गाजावाजा! ग्राहक खूश झाले, पण आरटीएक्स ३० मालिका आली आणि जुन्या मशीनसाठी तिचं कार्ड काही आलं नाही. प्रकरण २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात गेलं.

वचन पाळणारी शेवटी भेटली ती एक लहानशी कंपनी. फ्रेमवर्कचा १६ इंची लॅपटॉप २०२४ च्या सुरुवातीला ग्राहकांच्या हाती पडू लागला, तेव्हा त्याच्या पाठीला एएमडीचं आरएक्स ७७००एस कार्ड लागत असे. २०२५ मध्ये कंपनीने आरटीएक्स ५०७० चं कार्ड जाहीर केलं, आणि ते जुन्याच सांगाड्यात बसतं. लॅपटॉपच्या इतिहासात हे इतकं दुर्मीळ आहे की त्याची बातमी झाली. मात्र त्या नव्याकोऱ्या कार्डात मेमरी किती? ८ जीबी. हा आकडा लक्षात ठेवा.

आठ जीबीचा मुक्काम

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे व्हीआरॅम. गेममधली भिंत, गवत, दाढीचे केस, सगळ्यांची चित्रं तिथे मांडून ठेवलेली असतात. जागा संपली की चित्रं साध्या रॅममधून ओढून आणावी लागतात आणि गेम अडखळतो.

आता वंशावळ बघा. लॅपटॉपचा जीटीएक्स १०७०, साल २०१६: ८ जीबी. आरटीएक्स २०७०, २०१९: ८ जीबी. ३०७०, २०२१: ८ जीबी. ४०७०, २०२३: ८ जीबी. ५०७०, २०२५ मध्ये बाजारात आला तेव्हा: ८ जीबी. पाच पिढ्या झाल्या, गेमची साइज दुप्पट-तिप्पट झाली, आणि हा गडी त्याच चाळीत त्याच दोन खोल्यांत.

धाकट्या भावंडांची गोष्ट याहून केविलवाणी. २०१७ चा १०५० टीआय ४ जीबीचा, २०१९ चा १६५० चार जीबीचा आणि २०२१ चा आरटीएक्स ३०५० सुद्धा सुरुवातीला चारच जीबीचा. म्हणून १६५० वाला ३०५० कडे गेला, तर नावात आरटीएक्स येतं, थोडा वेगही येतो, पण अडखळायची जागा तीच राहते. एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नये, असं मी ठणकावून सांगेन. उडी मारायची तर ८ जीबीच्या खाली मारण्यात अर्थ नाही.

साधी रॅम ८ ची १६ केली म्हणून व्हीआरॅम वाढत नाही. दुकानातला पोऱ्या छातीठोकपणे काहीही सांगो.

रॅमवरून आठवलं

‘आधी रॅम टाकून बघ’ हा सल्ला आपल्याकडे ‘आधी हळद-दूध पिऊन बघ’ इतकाच सार्वत्रिक होता, कारण रॅम स्वस्त होती. २०२५ च्या उत्तरार्धात तो सल्ला महागात पडू लागला. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, आणि जगातली बहुतेक मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच हातात. त्यांनी मोठ्या गिऱ्हाइकांकडे मोर्चा वळवला. जुनी डीडीआर४ बनवणं त्यांनी आवरतं घेतलं, त्यामुळे जुनी म्हणून तीही स्वस्त राहिली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. हिरव्या पट्टीवर पांढऱ्या स्टिकरची ती रॅम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेऊन गेलेल्यांची एक अख्खी पिढी आहे!

तरीही एका बाबतीत रॅमवर पैसे टाकावेतच. आपल्याकडचे स्वस्त गेमिंग लॅपटॉप बऱ्याचदा ८ जीबीची एकच पट्टी घालून विकले गेले आणि दुसरा स्लॉट रिकामा राहिला. एका पट्टीवर प्रोसेसर मेमरीशी एकाच रस्त्याने बोलतो, दोन पट्ट्यांवर दोन रस्त्यांनी. गेम प्रोसेसरवर अडत असेल तर या एका पट्टीने फ्रेम वाढतात, झटके कमी होतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांना तर फरक लगेच जाणवतो. जुन्या बाजारातून वापरलेली पट्टी घेतली तरी चालेल, रॅम सहसा लवकर मरत नाही. फक्त घेण्याआधी आपली डीडीआर कितवी ते बघा. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना, डीडीआर५ ला २६२. खाचही वेगळ्या जागी आहे, त्यामुळे जोर लावून बसवायला गेलात तर रॅम आणि स्लॉट दोन्ही गमवाल.

शंभर अंशांचा ताप

जुना लॅपटॉप हळू का होतो? सिलिकॉनची चिप थकत नाही. आठ वर्षांपूर्वी ती जेवढी गणितं करत होती तेवढी आजही करते. सुकते ती तिच्यावरची थर्मल पेस्ट, आणि तुंबते ती तांब्याच्या पात्यांमधली धूळ. इंटेलचे बरेच लॅपटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला पोचले की स्वतःचा वेग कमी करतात. तुम्हाला वाटतं गेम जड झाला. प्रत्यक्षात पंख्याच्या तोंडाशी धुळीची गादी बसलेली असते.

म्हणून सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे सर्व्हिसिंग. मागचं झाकण उघडून पंखे साफ, जुनी पेस्ट पुसून नवी. कुठल्याही भागाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ, आणि बऱ्याचदा एवढ्यानेच ‘नवा घेऊ का’ हा विषय वर्षभर पुढे जातो. गेमिंग लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून खेळणाऱ्यांनी हे काम दरवर्षी करावं. पोटाखालून हवा आत घेणाऱ्या यंत्राला आपण दुलईवर ठेवतो आणि मग ते तापतं म्हणून चिडतो.

काही हौशी लोक पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावतात. त्यातला मुख्य धातू गॅलियम. मेंडेलेव्हने १८७१ मध्ये त्याचं भाकीत केलं आणि १८७५ मध्ये तो फ्रान्समध्ये सापडला. तो २९.७६ अंशांना वितळतो, म्हणजे मे महिन्यात नागपूरला टेबलावर ठेवलेला गॅलियम दुपारपर्यंत पाणी होईल. उष्णता वाहून न्यायला तो झकास, असूसने काही आरओजी लॅपटॉपांत असं लिक्विड मेटल वापरलंय, सोनीच्या प्लेस्टेशन ५ मध्येही आहे. पण तो वीजही वाहून नेतो आणि ॲल्युमिनियमला पोखरतो. कारखान्यात त्याच्याभोवती बांध घातलेला असतो. घरी यूट्यूब बघून लावणाऱ्याकडे असते ती फक्त हिंमत. नका करू.

काही सुटे दाणे

एसएसडीच्या पाकिटावर २२८० लिहिलेलं असतं. ही मॉडेलची संख्या नाही, माप आहे: रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०. २२४२ असेल तर लांबी ४२. लॅपटॉप उघडून माप घेतल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

जुन्या ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला साधारण १०० एमबी, साटा एसएसडीचा साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमईचा तिसऱ्या पिढीत साडेतीन हजारांच्या घरात. तरीही डोळ्यांत भरणारा फरक पहिल्या उडीचा. हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर आलात की मशीन नवं वाटतं, तिथून पुढे बहुतेक गेममध्ये काही सेकंदांचाच फरक. सायबरपंक २०७७ ने २०२३ मध्ये हार्ड डिस्कला किमान गरजांच्या यादीतूनही काढून टाकलं, तेव्हा ही पहिली उडी आता ऐच्छिक राहिलेली नाही.

गेमिंग लॅपटॉपची सगळ्यात मोठी बॅटरी ९९ किंवा ९९.९ वॉट-अवरची का? कारण विमानात विनापरवानगी न्यायची मर्यादा १०० वॉट-अवर. पुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. चार्जर काढून १५० वॉट खेचत खेळलात तर ही सगळ्यात मोठी बॅटरीही चाळीस मिनिटांत संपेल.

जुन्या मॉडेलसाठी ‘ओरिजिनल, सीलबंद’ बॅटरी मिळाली म्हणून हुरळू नका. लिथियम-आयन बॅटरी पाकिटात पडल्या पडल्याही म्हातारी होते. बनल्याची तारीख वाचा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते, गेम बाजूला ठेवून आधी दुकान गाठा.

स्क्रीन ६० हर्ट्‌झवरून १४४ ची करायची? केबल बघा. ६० वाल्या पॅनेलला बहुधा ३० पिनांची केबल असते, १४४ वाल्याला ४० ची. केबलसकट खर्च काढला की बाहेरचा मॉनिटर बरा वाटू लागतो. आणि त्यात एक छुपा फायदा आहे: अनेक जुन्या लॅपटॉपांत स्क्रीनवरचं चित्र इंटेलच्या चिपमधून वळसा घेऊन येतं, पण एचडीएमआयचं तोंड थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं. अशा लॅपटॉपला मॉनिटर लावताच थोड्या फ्रेम फुकट मिळतात.

ज्याला हे सगळंच बदलायचा कंटाळा, त्याच्यासाठी एसरने २०१७ मध्ये प्रिडेटर २१ एक्स काढला होता. २१ इंची वक्र स्क्रीन, दोन जीटीएक्स १०८०, पाच पंखे, वजन ८.८ किलो. अमेरिकेत किंमत ८,९९९ डॉलर. त्याला लॅपटॉप म्हणताना मांडीचा विचार कोणी केला नसावा. गंमत म्हणजे त्यातली कार्डंही पास्कलच, तेव्हा ऑक्टोबर २०२५ च्या फटक्यात तोही सापडला.

बाहेरून कार्ड लावू का?

थंडरबोल्ट ३ च्या पोर्टमधून सेकंदाला ४० गिगाबिट जातात, ऑक्युलिंकच्या पोर्टमधून ६४. डबा घ्यायचा, त्यात डेस्कटॉपचं कार्ड बसवायचं, वेगळा पॉवर सप्लाय द्यायचा, केबल लॅपटॉपला लावायची. चालतं, छान चालतं. पण स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत थंडरबोल्ट सहसा नसतंच. असलंच, तर कार्ड, डबा, सप्लाय, मॉनिटर असं सगळं टेबलावर मांडल्यावर लक्षात येतं की आपण डेस्कटॉपच बांधलाय, फक्त त्याचा प्रोसेसर २०१८ चा आहे. मी तरी या वाटेला जाणार नाही.

नव्यातल्या खाचा

नवा घेणाऱ्यांनी एक आकडा विचारल्याशिवाय कार्ड स्वाइप करू नये: ग्राफिक्स चिपला वॉट किती? लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० ला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत काहीही दिलेलं असू शकतं. डब्यावर नाव एकच, स्टिकर एकच, पण एक धावतो आणि दुसरा धापा टाकतो. बारीक, चकचकीत, वजनाला हलकं असं मॉडेल बहुधा कमी वॉटचं निघतं. चांगल्या वॉटचा जुना ३०६० असलेल्याने उपाशी ठेवलेला ४०६० घेतला, तर फरक शोधायला भिंग लागेल.

नावांचा खेळ वरच्या मजल्यावर आणखी रंगतो. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. हे आकडे हुबेहूब डेस्कटॉपच्या ४०८० चे आहेत! उलटंही घडलंय. लॅपटॉपच्या ३०६० मध्ये ३,८४० कोअर, डेस्कटॉपच्या ३०६० मध्ये ३,५८४. इथे लॅपटॉपवाला जिंकला म्हणावं, तर मेमरी डेस्कटॉपला १२ जीबी आणि लॅपटॉपला ६.

दिवाळी सेलमध्ये या गोष्टी बॅनरवर नसतात. कंपनीच्या संकेतस्थळावर बारीक अक्षरांत असतात, तिथे ‘टीजीपी’, म्हणजे चिपला मिळणारे वॉट, शोधा.

खेळायचं काय, ते आधी ठरवा

काही दरवाजे पैशांनी नाही, तर चिपनेच उघडतात. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगची सोय असलेलंच कार्ड लागतं. जीटीएक्सवाल्याने ६४ जीबी रॅम टाकली तरी हे गेम त्याच्यासाठी बंद. ऑक्टोबर २०२५ चा बॅटलफील्ड ६ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. व्हॅलोरंटही विंडोज ११ वर तेच मागतो. विंडोज ११ च्या दाराबाहेर राहिलेल्या आय७-७७००एचक्यूवर लिनक्स टाकून वाट काढणाऱ्यांना स्टीमचे असंख्य गेम मिळतात, व्हॅलोरंट मात्र मिळत नाही, त्याचं पहारेकरी सॉफ्टवेअर लिनक्सला दारातच अडवतं.

आपल्या मशीनवर बंद असलेला असाच एखादा गेम तुम्हाला खेळायचा असेल तर प्रश्न मिटला, नवा घ्या. नसेल, तर एक दिलासा आहे आणि त्याचं नाव स्टीम डेक. २०२२ मध्ये आलेल्या या हातातल्या यंत्राची ग्राफिक्स ताकद कागदावर जास्तीत जास्त १.६ टेराफ्लॉप्स. लॅपटॉपचा १०५० टीआय २.५ च्या आसपास. डेकची चिप नव्या घडणीची आहे, त्यामुळे तुलना सरळसोट नाही, पण मुद्दा वेगळा आहे. एवढ्याशा ताकदीच्या यंत्रावर गेम चालावा म्हणून स्टुडिओ आता जीव तोडून मेहनत घेतात आणि त्या मेहनतीचं फळ जुन्या लॅपटॉपलाही मिळतं. डेकवर चालतो असा शिक्का असलेला गेम हा १६५० वाल्यासाठी चांगली खूण. वर छोटं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एएमडीचं एफएसआर आहे, त्याच्या जुन्या आवृत्त्या प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतात. एनव्हिडियाचं त्याच कामाचं स्वतःचं डीएलएसएस मात्र आरटीएक्स नसेल तर ढुंकूनही बघत नाही. दुष्मनाने वाढलेलं ताट घरच्यापेक्षा भरलेलं!

शिवाय जुने गेम कुठे संपलेत? जीटीए ५ पीसीवर आला २०१५ मध्ये, ती आवृत्ती किमान रॅम मागते ४ जीबी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला राजी: ॲन एन्शंट एपिक २०२० चा. सप्टेंबर २०२५ चा हॉलो नाइट: सिल्कसाँग नवा असूनही जुन्या मशीनला घाम फोडत नाही.

मग माझी वाटणी अशी. १० मालिकेचं कार्ड असेल तर साफसफाईपलीकडे एक रुपया घालू नका. १६५० किंवा ४ जीबीचा ३०५० असेल तर एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी, बस्स, आणि पैसे साठवायला लागा. ६ जीबीचा ३०६० किंवा त्यावरचं काही असेल, तर त्याला पेस्ट लावा, बॅटरी बदला आणि सेलचे मेसेज न वाचता डिलीट करा.

अपग्रेडला पैसे घालायचेच असतील, तर जे पुढच्या लॅपटॉपमध्ये सोबत नेता येईल त्यात घाला. डीडीआर४ रॅम नव्या डीडीआर५ मशीनमध्ये जाणार नाही. जुनी बॅटरी कुठेच जाणार नाही. एम.२ एसएसडी जातो. चौथ्या पिढीचा एसएसडी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्येही निमूटपणे कमी वेगाने काम करतो आणि उद्या नव्या मशीनमध्ये गेला की पूर्ण वेग धरतो. त्यामुळे एक्स्चेंजमध्ये जुना लॅपटॉप देताना एसएसडी आत ठेवायचा की काढायचा हे आधी दुकानदाराशी बोलून घ्या. बऱ्याच वेळा त्याच्या भावात काडीचा फरक पडत नाही, आणि काढलेला एसएसडी यूएसबीच्या डबीत घातला की तुमचे सगळे सेव्ह गेम खिशात येतात.